गुरुवारचा धूर

२ नोव्हेंबर, शनिवार

ही वही माझ्या मुलाने, रास्तकोने, ऑस्ट्रियातल्या लिंझहून पाठवली. आत चिठ्ठी: 'बाबा, मनातलं लिहीत जा, बरं वाटेल.' मनातलं लिहायला मी काय शाळेतली पोर आहे? पण खरं सांगायचं तर माझी कुरकुर ऐकायला इतकी वर्षं माझी बायको देसांका होती. एप्रिलमध्ये ती गेली. कुरकुर मात्र रोज ताजी तयार होते, ती कुठेतरी ओतायला हवी. म्हणून ही वही.

आज मृतांचा शनिवार. सगळं गाव दफनभूमीत. बायका उकडलेल्या गव्हात साखर-अक्रोड घालून घेऊन आलेल्या. मी रिकाम्या हाताने गेलो, गहू किती वेळ शिजवतात हेसुद्धा मला ठाऊक नाही. देसांकाच्या कबरीपाशी उभा होतो तर शेजारची स्तामेंका आली.

"हात पुढे कर, विटो."

"नको."

"कर म्हणते ना. आणि तोंड नीट ठेव. असं तोंड बघून देसांकाला वाटेल, सुटले बाई एकदाची."

तिने तळहातावर चमचाभर गहू ठेवले. मग तिच्या मागची बाई आली, मग तिच्या मागची. प्रत्येक जण म्हणे, "देसांकासाठी." शेवटी ओंजळ भरली. डोळे पुसायचे तर हात मोकळे नाहीत. गहू खाल्ले आणि घरी आलो.

इग्नात वायरमन बहिणीच्या ताज्या कबरीपाशी एकटाच बसला होता. दोघं भावंडं जन्मभर एका घरात राहिली, आता तो एकटा. मी मान हलवली, त्याने हलवली. दोन मुकी माणसं आणखी काय करणार.

चर्चमध्ये गेलो नाही. संत निकोलावर मी रुसलो आहे. तो आमच्या घराचा संत. पणजोबांपासून त्याचा दिवस पाळतोय. देसांका इस्पितळात होती तेव्हा त्याच्यापुढे रोज मेणबत्ती लावली. त्याने ऐकलं नाही. आता त्याने हाक मारली तर मीही ऐकणार नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी पाद्री गाव्रिलो दारात. माणूस तरुण, दाढी अजून धड भरलेली नाही, पण झग्याला मान द्यावा लागतो.

"विटोमिरकाका, चर्चच्या हॉलमधली शेगडी धुरकतेय. बायकांचा गाण्याचा सराव आहे आणि सगळ्या खोकताहेत."

"मी बांधलेली शेगडी धुरकत नाही, पाद्रीबाबा."

"मग चर्चच जळत असेल. एकदा बघून तरी जा."

या गावात घरं तापवणाऱ्या निम्म्या शेगड्या माझ्या हातच्या. हॉलमधली ती हिरव्या फरश्यांची तर माझी सर्वांत देखणी. माझ्या नावाला बट्टा लागतोय म्हटल्यावर गेलो. खरंच, खोलीत नुसता धूर. विस्तव विझवला, धुराची नळी उघडली, हात घातला, तर आत कापडाचा बोळा! निळ्या चौकड्यांचं जुनं फडकं. कावळ्यांनी घरट्यासाठी नेलं असणार आणि धुराड्यात पडलं असणार. हल्ली कावळ्यांनाही कामात लक्ष नाही.

शेगडी पेटली तशी बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला एक वाडगा सूप दिलं, घेवड्याचं. खारट होतं. दोन वाडगे घेतले, अन्नाला नाव ठेवू नये म्हणून. किती दिवसांनी काहीतरी गरम पोटात गेलं. घरी पाव आणि कांदा यांच्यापलीकडे माझी मजल नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

ठरलं. यंदा स्लावा नाही.

एकोणीस डिसेंबरला निकोलाचा दिवस. आमच्या घरात तो बापाकडून मुलाकडे आलेला कुळाचार. गोल पाव, गहू, उंच मेणबत्ती, लाल वाइन, पाद्री येऊन प्रार्थना म्हणणार आणि मग दिवसभर माणसांची रीघ. घरधनी त्या दिवशी बसत नाही. उभं राहून पाहुण्यांचं करायचं, हा नियम. मी तर एप्रिलपासून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून उठलेलो नाही. उभं कुठून राहणार? आणि कुणासाठी? ज्याच्यावर रुसलोय त्याच्यासाठी?

अडचण एकच. स्लावाला कुणी कुणाला बोलावत नाही. ज्याला आठवण असते तो आपणहून येतो. न बोलावलेल्या माणसाला येऊ नको असं कसं सांगायचं? शेवटी कागदावर ठळक लिहिलं: 'विटोमिरच्या घरी यंदा स्लावा नाही. कोणी येऊ नये.' बेकरीच्या दाराशेजारी चिकटवला. पाव घ्यायला सगळं गाव तिथेच येतं.

रास्तकोला फोन करून सांगितलं, तू येऊ नकोस, प्रवासाचा त्रास घेऊ नकोस. "बरं, बाबा," म्हणाला. एवढ्या लगेच? निदान एकदा तरी 'असं कसं' म्हणायचं. लहानपणी स्लावाचा पाव फिरवताना माझ्या बाहीला लोंबकळणारा मुलगा हा. असो. मीच सांगितलं ना नको म्हणून.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

शेगडी पुन्हा धुरकली. पाद्रीबाबा पुन्हा दारात. पुन्हा नळीत निळ्या चौकड्यांचा बोळा. त्या कावळ्याने बहुतेक अख्खा पडदा पळवलाय, तुकड्या-तुकड्याने वापरतोय.

शेगडी तापेपर्यंत बाकावर बसून राहिलो. बायका गात होत्या. त्यांच्यात पुरुष एकच, तानासिये. माझा कुम, म्हणजे आमच्या लग्नातला साक्षीदार. नदीवर मासे धरतो आणि घागरीतून बोलावं तशा आवाजात गातो. बायकांचे दोन आवाज असतात, वरचा आणि खालचा. खालचा आवाज देसांकाचा होता. आज ऐकलं तर वरचा आवाज चाललाय, तानासियेचा चाललाय आणि मध्ये खड्डा. तिची ओळ यायची त्या जागी सगळे नुसते श्वास घेऊन थांबतात आणि पुढे जातात.

मी स्तामेंकाला म्हटलं, "हे काय? दात पडल्यासारखं गाणं."

"मग? तिच्या जागी कुणाला उभं करू?"

"कुणालाही करा. जग काय थांबतं?"

"तूच सांग ना, थांबतं का ते," ती म्हणाली आणि सूप वाढायला निघून गेली.

बाईला सरळ उत्तर देता येत नाही. आज सूप बरं होतं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज स्तामेंकाची स्लावा, तिच्या घरचा संत म्हणजे देवदूत मिहाइलो. सकाळपासून तिच्या फाटकाची कडी वाजतेय. मी गेलो नाही, दुखवट्यात आहे म्हणून. खिडकीतून मात्र सगळं दिसतं. मी बघत नव्हतो.

संध्याकाळी ती स्वतः ताट घेऊन आली. भाजलेलं डुक्कर, बटाट्याचं सॅलड, लोण्याच्या थरांचा केक, आणि पावाचा तुकडा, वरून तुकतुकीत, आतून पिवळाधम्मक.

"खा. पुढच्या गुरुवारी उपवास लागतो, मग जानेवारीतल्या नाताळापर्यंत घेवडा आहेच."

"तुझा माणूस गेला त्या वर्षी तू केली होतीस स्लावा?"

"नाही करायची असं ठरवलं होतं. दार लावून बसले होते. मग लोक आले. दार उघडलं आणि लक्षात आलं, रडायला वेळच नाही, एवढ्या बश्या धुवायच्या आहेत."

"मी कागद लावलाय बेकरीशी."

"कसला कागद?"

"वाचला नाहीस?"

"चष्मा विसरले असेन."

दोन आठवडे चष्मा विसरते ही बाई! जाताना तिच्या ताटावरचं फडकं बघून चमकलो. निळ्या चौकड्यांचं! तिला तिथेच सांगितलं, "स्तामेंका, वाळत घातलेल्या कपड्यांवर लक्ष ठेव. तुझी फडकी कावळे पळवताहेत, आणि ती माझ्या शेगडीत सापडताहेत." ती इतकी हसली की तिला दाराची चौकट धरावी लागली. यात हसण्यासारखं काय होतं?

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

शेगडी धुरकली हे वेगळं सांगायला नको. बोळा काढला, हात धुतले, बसलो. ते निकोलाचं स्तोत्र बसवत होते. तो खड्डा आला, सगळ्यांनी श्वास घेतला, आणि तेवढ्यात त्या खड्ड्यात कुणीतरी गायलं. खालच्या पट्टीत, घोगरं. पूर्ण ओळ. सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले तेव्हा कळलं, मी गातोय.

मी कधी चर्चमध्ये गायलेलो नाही. पण देसांका कणीक मळताना गायची, बरण्या भरताना गायची, खिडक्या पुसताना गायची. फक्त आपलीच ओळ, पुन्हा पुन्हा. मी वर्तमानपत्रामागून ओरडायचो, 'अगं, दुसरं काही येतं का नाही?' तर ती ओळ सगळीच्या सगळी माझ्यात बसलेली निघाली, वर्षाच्या सगळ्या स्तोत्रांची. मला पत्ताही नव्हता.

तानासियेने नाक शिंकरलं, केवढ्यानं तर तावदानं थरथरली. मग स्तामेंका म्हणाली, "पुन्हा सुरुवातीपासून. विटो, तू तिसऱ्या शब्दावर घाई करतोस. ती नव्हती करत."

घरी येताना रस्ताभर रडलो. आणि खरं लिहितो, बरं वाटत होतं. म्हणजे दुःख कमी झालं असं नाही. पण इतके महिने ते दगडासारखं पडून होतं, आज ते चालायला लागलं, माझ्याबरोबर घरापर्यंत आलं.

निकोलावरचा राग कायम आहे. गाणं वेगळं, राग वेगळा.

५ डिसेंबर, गुरुवार

आज शेगडी धुरकली नाही. तरीही पाद्रीबाबा आले. म्हणाले, "धुरकली नाहीये, पण धुरकेल असं वाटतंय." शिकलेली माणसं यंत्राला अशीच घाबरतात. मी अवजारांची पिशवी घेऊन गेलो आणि एकदाही उघडली नाही. तीन स्तोत्रं झाली.

सराव संपल्यावर तानासिये म्हणाला, "कुम, एकोणिसला कार्प मासे किती लागतील?"

"मी स्लावा करत नाहीये. कागद लावलाय."

"बरं. पण समजा करत असतास तर किती लागले असते?"

"पाचसहा मोठे."

"असं होय," म्हणाला आणि गेला. उगाच माहिती गोळा करायची हौस.

१२ डिसेंबर, गुरुवार

घात झाला.

स्लावा असलेल्या घरांत पाद्री आधी येऊन पाणी पवित्र करून जातो, पावाची कणीक त्या पाण्यात मळतात. आज सकाळी गाव्रिलो आमच्या दारात, गळ्यात प्रार्थनेचा पट्टा, हातात क्रूस.

"पाद्रीबाबा, मी करत नाहीये."

"माहीत आहे, काका. पण या रस्त्याने चाललोच होतो. एक घर सोडून पुढे जायचं म्हणजे बरं दिसत नाही."

मी काही बोलायच्या आत त्यांनी नळ सोडून पातेलं भरलं, प्रार्थना म्हटली, क्रूस बुडवला, तुळशीच्या जुडीने माझ्या कपाळावर पाणी शिंपडलं, भिंतीवर शिंपडलं, देसांकाच्या खुर्चीवर जरा जास्तच शिंपडलं. उरलेलं बाटलीत भरून खिडकीत ठेवलं. "राहू दे," म्हणाले, "असलेलं बरं."

असलेलं बरं! आता या पाण्याचं काय करू? पवित्र केलेलं पाणी मोरीत ओतता येत नाही. कुंडीला घालावं तर जिरेनियमही देसांकाबरोबरच गेलेलं. बाटली खिडकीत उभी आहे, ऊन पडलं की चमकते आणि माझ्याकडे बघते.

१५ डिसेंबर, रविवार

आज प्रार्थनेला गेलो. गाणारी मंडळी मिळून पुन्हा खड्डा पाडतील, म्हणून गेलो. निकोलाच्या चित्रापुढून जाताना थांबलो. दोघंही काही बोललो नाही. मेणबत्ती लावली, पण लहानातली.

घरी आलो तर ती बाटली तशीच उभी. खुर्चीत बसून तिच्याकडे दिवसभर बघत राहिलो. संध्याकाळी हिशेब स्पष्ट झाला. हे पाणी ओतता येत नाही, ठेवून चालत नाही. त्याचा उपयोग एकच, पाव मळणं. आणि पाव झाला की मेणबत्ती लागते, मेणबत्ती लावली की दार उघडं ठेवावं लागतं.

म्हणजे मी काही माघार घेतलेली नाही. पाण्याने अडकवलं.

पण पाव मीच करणार. देसांकाच्या ओट्यावर कुणी दुसरी बाई मला नकोय.

१७ डिसेंबर, मंगळवार

कुंपणावरून स्तामेंकाला हाक मारली. ताकाला जाऊन भांडं लपवलं: "तुझ्या स्लावाचा तो पाव बरा झाला होता. कसा करतेस? सहज विचारतोय."

"सहज होय? दूध कोमट घ्यायचं, लोणी वितळवून, अंडी चार, वरून पिवळा बलक लावायचा म्हणजे चमक येते. पाणी पवित्र केलेलं, थोडंच. आणि जीव ओतून मळायचं."

"सहजच विचारत होतो."

"हो, हो."

१८ डिसेंबर, बुधवार

सकाळी ओट्यापाशी उभा राहिलो. दूध, लोणी, अंडी. पाणी थोडंच, ती म्हणाली तसं. मळताना देसांकाची ओळ आपोआप तोंडात आली, आणि लक्षात आलं की त्या ओळीचा ताल आणि मळण्याचा ताल एकच आहे. म्हणून ती तिसऱ्या शब्दावर घाई करत नव्हती. तिथे कणीक उलटायची असते! इतकी वर्षं मी वर्तमानपत्र वाचत होतो.

कणकेचा क्रूस केला, द्राक्षाचा घड केला, दोन कबुतरं केली. कबुतरं बदकांसारखी झाली. वरून बलक लावला. पाव भट्टीतून निघाला तेव्हा मला स्वतःलाच टोपी काढावीशी वाटली. केवढा फुगलेला, आरशासारखा चकचकीत! राहवेना. खिडकी उघडून स्तामेंकाला ओरडलो, "ये, बघून जा!"

ती आली, हात पुसत. पाव बघितला. तोंडावरचं हसू जागच्या जागी थिजलं.

"विटो, वर काय लावलंस?"

"अंडं. तूच सांगितलंस."

"आणि आत?"

"दूध, लोणी, चार अंडी."

"अरे देवा! उपवासात! निकोलाला अंडं!"

माझा संत उपवासात येतो, तिचा उपवासाच्या आधी. जन्मभर निकोलाच्या दिवशी मासे आणि तेलातला पाव खात आलो. सकाळपासून ओट्यावर अंडी फोडतोय आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तिने सांगताना तिच्याही पडला नाही. खुर्चीत मटकन बसलो. म्हटलं, झालं. त्याला नकोच आहे. मी हात पुढे केला आणि त्याने झटकला.

"ऊठ," स्तामेंका म्हणाली.

"कशाला?"

"बाटलीत पाणी आहे का?"

होतं. थोडंच वापरलेलं, तीन हिस्से शिल्लक. तिच्या रेसिपीमुळेच घोळ झाला आणि तिच्या रेसिपीमुळेच पाणी उरलं. तिने खिडकीतून रस्त्यावरच्या कुणाला तरी हाक मारली, आणि थोड्या वेळात गाणाऱ्या सगळ्या बायका माझ्या स्वयंपाकघरात. कुणी पीठ चाळतंय, कुणी गहू चढवलेत, कुणी घेवडा निवडतंय. माझ्या कबुतरांवरून तर एवढा खिदळाट! "विटो, ही बदकं कुठे निघालीत?" एकीने विचारलं. दुसरी म्हणाली, "दलदलीत, अजून कुठे." मी म्हटलं, "हसा, हसा. नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणणाऱ्यातला मी नाही. मला येतच नाही." या घरात एप्रिलनंतर पहिल्यांदा सगळे मिळून हसले. मीही हसलो. भिंतीसुद्धा दचकल्या असतील.

देसांकाच्या ओट्यावर चार बायका होत्या आणि मला राग आला नाही. ओट्याला बरं वाटत होतं, दिसत होतं ते.

दुसरी कणीक मीच मळली, तेलातली. स्तामेंकाने फुगायला ठेवून वर निळ्या चौकड्यांचं फडकं टाकलं. फडक्याचा एक कोपरा कापलेला होता, अगदी सरळ रेषेत. मी तिच्याकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. हल्ली कावळे कात्री वापरतात वाटतं.

पहिल्या पावाचं काय करायचं यावर वाद झाला. पवित्र पाणी घातलेलं, टाकायचा कसा? पाद्रीबाबांना विचारलं. ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "लहान मुलांना उपवास नसतो." त्यांच्या दोन मुली त्या पावावर अशा तुटून पडल्या की बदकांची पिसंही उरली नाहीत. मोठी म्हणाली, "विटोमिरआजोबा, पुढच्या वर्षीपण चुका हं."

१९ डिसेंबर, गुरुवार. निकोलाचा दिवस

पहाटे मेणबत्ती लावली, मोठ्यातली. सूट घातला. गहू दारापाशी मांडले. उभा राहिलो. म्हटलं, कागद वाचून कुणी आलंच नाही तर?

पहिला तानासिये आला, दोन्ही हातांत कार्प. मग गाणाऱ्या बायका. मग बेकरीवाला, ज्याच्या दाराशेजारी कागद होता. म्हटलं, "काय रे, तू तरी वाचला असशील?" म्हणाला, "काका, मला वाटलं जाहिरात आहे." अख्ख्या गावाला एकाच वेळी वाचता येईनासं झालं होतं. फक्त इग्नात आला नाही. दर वर्षी न चुकता यायचा, बहिणीला घेऊन.

पाद्रीबाबांनी प्रार्थना सुरू केली. देसांकाचं नाव मृतांच्या यादीत आलं तेव्हा मेणबत्तीची ज्योत धूसर झाली, पण मी उभा होतो. मग पाव फिरवायचा. पाव हातांवर घेऊन सगळ्यांनी मिळून गोल फिरवायचा आणि गायचं. एका बाजूला पाद्रीबाबा, एका बाजूला मी. माझ्यासमोर घरातल्या माणसाची जागा असते. ती देसांकाची होती. ती रिकामी होती आणि पाव तिकडे कलत होता.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. बर्फाने भरलेले बूट दारात आपटल्याचा आवाज. आणि रिकाम्या जागेवर पावाखाली दोन हात आले. रास्तको! कोट तसाच अंगात, कानशिलं लाल.

"तुला नको म्हटलं होतं ना?"

"स्लावाला बोलावणं नसतं, बाबा. मग नको म्हटल्याने काय होतं?"

आम्ही पाव फिरवला. खड्डा आला तिथे मी गायलो, तिसऱ्या शब्दावर घाई न करता. रास्तकोने मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते लिहिता येणार नाही. त्यालाही ती ओळ ओळखीची होती. तोही त्याच स्वयंपाकघरात वाढला.

पावावर वाइन घातली, तो मोडला. पाद्रीबाबा तुकड्याला ओठ लावून म्हणाले, "ख्रिस्त आपल्यामध्ये आहे."

याला घरधन्याने उत्तर द्यायचं असतं. जन्मभर मी ते पुटपुटत आलो, केव्हा एकदा पेल्यांत राकियाची दारू ओततो या घाईत. आज सावकाश म्हटलं.

"आहे आणि राहील."

आणि म्हणताना मला ती सगळी माणसं दिसत होती, सूपवाली, माशावाला, चष्मा विसरणारी, आणि जिच्या ओळीसाठी इतके महिने सगळे श्वास धरून थांबले तीही.

मग दिवसभर उभा होतो. राकिया ओतली, मासे वाढले, बश्या धुतल्या. बश्या धुताना लक्षात आलं: घरधनी बसत नाही, घरधनी बसत नाही, असं मी छाती फुगवून जगाला सांगायचो. देसांका तरी कधी बसली होती? तिला कुणी मोजलंच नव्हतं. रास्तकोला म्हटलं, "तुझ्या आईची खुर्ची समोरच्या खोलीत आण, मेणबत्तीपाशी ठेव. आज ती बसेल."

निकोलाशी बोलणं सुरू झालंय. त्याला म्हटलं, तू ऐकलं नाहीस हे मी विसरलेलो नाही. पण तू माणसं पाठवलीस, तेही मी बघितलं.

२६ डिसेंबर, गुरुवार

रास्तको परत गेला. पुढच्या वर्षी मुलांना घेऊन येतो म्हणाला. येऊ नको असं सांगायला मला विसरू देऊ नकोस, असं मी स्तामेंकाला म्हटलं.

शेगडी सलग काही आठवडे उत्तम चालू आहे. कावळे गेले असावेत. मी सरावाला आपला वेळेवर गेलो, पिशवी न घेता.

परतताना इग्नातच्या घरावरून आलो. दिवसाढवळ्या पडदे ओढलेले. अंगणातल्या बर्फावर पावलाचा एक ठसा नाही.

तसाच मागे वळून चर्चमध्ये गेलो. पाद्रीबाबा पुस्तकं आवरत होते.

"पाद्रीबाबा, हॉलमधला दिवा लुकलुकतोय. इग्नात वायरमनला बोलवायला हवं."

त्यांनी वर बघितलं. "नाही हो, काका. चांगला चाललाय की दिवा."

"चालू दे," मी म्हटलं. "पुढच्या गुरुवारपर्यंत लुकलुकेल."